आधी खळं, मग गाडी

लातूरच्या रिक्षांत, नांदेडच्या कॉलेजांच्या कट्ट्यांवर आणि उमरीच्या पिठाच्या गिरणीत गेले काही महिने एक गाणं वाजतंय. चार मिनिटं बावीस सेकंदांचं. 'गट नंबर ३१२' नावाच्या रॉक बँडचं. हा नंबर बँडच्या गायकाच्या आजोबांच्या शेताचा. त्या शेतात गायक आयुष्यात फार तर चार वेळा गेला असेल. इतर गाण्यांत ही पोरं कानठळ्या बसवतात, पण हे गाणं संथ आहे. आधी एकटी गिटार, मग लांबून आल्यासारखा ड्रम, आणि मग तो पोरगा गातो, 'तव्यापरीस हात तापला गं तुझा, तव्यापरीस हात तापला.' पोरंपोरी डोळे मिटून ऐकतात. त्यांना वाटतं हा प्रेमातला ताप. कुणीतरी कुणाचा तरी हात धरला आणि तो तापला. गाण्याखाली बँडनं लिहून ठेवलं होतं: 'मराठवाड्याच्या मातीतल्या अनाम वेदनेतून स्फुरलेलं.'

अनाम कसली आलीय! वेदनेला नाव होतं, गाव होतं, आधार कार्ड होतं. ताप डेंग्यूचा होता, तवा अठरा माणसांच्या भाकरींचा होता आणि हात सत्यशीलाचा होता. सत्यशीला ही धुरपताची एकुलती लेक.

धुरपता रेणापूर तालुक्यातल्या एका गावात राहते. बासष्टीची बाई, चौथी शिकलेली, हाडानं काटक, बोलायला फटकळ. नवरा सटवाजी, पाच एकर रान, दारात दोन म्हशी आणि एक पेरूचं झाड. सांगण्यासारखं वेगळं असं तिच्यात एकच होतं. गावात तिच्यासारखं रडणारं कुणी नव्हतं.

रडणं म्हणजे काय हे आता सांगावं लागतं, कारण शहरात लोक नाक पुसतात त्यालाच रडणं म्हणतात. इकडं माणूस गेलं की बाया येतात, एकमेकींच्या गळ्यात हात टाकतात, डोकं खांद्यावर ठेवतात आणि हेल काढून, बोलून रडतात. गेलेल्याचं सगळं आयुष्य त्या हेलात येतं. काय खाल्लं, काय राहिलं, कुणी पाहिलं, कुणी पाहिलं नाही. हे पैसे घेऊन रडणं नव्हे. नात्यातली, भावकीतली, शेजारची बाई रडते. धुरपताला मात्र ते देणंच होतं. गेलेल्या माणसाचं तिला सगळं ठाऊक असायचं आणि ते तिच्या तोंडून असं यायचं, की अंगणातले बाप्येसुद्धा फेटे तोंडाला लावायचे.

आणि या रडण्याला एक कायदा आहे. रडण्यातलं धरायचं नसतं. जे एरवी बोललं तर डोकी फुटतील ते रडताना बोलता येतं. ज्याच्याबद्दल बोलायचं तो तिथंच उभा असतो, ऐकतो, खाली बघतो. तिथंच ते मिटतं. गावातला एक म्हातारा गेला तेव्हा धुरपता रडली होती, 'मोतीबिंदूच्या तारखा सहा निघाल्या गं बाई, साही तारखांना लेकाला काम निघालं.' लेक दोन हातांवर तिरडी बांधत होता. त्याच्या हातातला काथ्या थांबला, इतकंच. तेराव्याला तोच दारात आला, "धुरपताकाकू, जेवायला या. तुम्ही आल्याबिगर पंगत बसत न्हाई." मनापासून म्हणाला. त्याच्या छातीवरचा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. असा तो कायदा. लिहिलेला कुठं नाही, पण मोडलेला कुणी पाहिला नव्हता.

सत्यशीलाला उमरीला दिली होती. धुरपताचं माहेर त्याच बाजूचं, म्हणून एवढ्या लांब. घर चांगलं, जावई बालाजी कामाचा, सासू कस्तुराबाई कडक पण खाऊपिऊ घालणारी. सगळं ठीक चाललं होतं. चार वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आसपास सोयाबीन काढून ढीग लावलेला होता आणि आभाळ रोज भरून येत होतं. मळणीचं मशीन सगळ्या शिवारात एकच. तिसऱ्या दिवशी यांची पाळी आली. त्याच सकाळी सत्यशीलाचं अंग तापलं. तिनं तापातच मशीनवरच्या अठरा माणसांच्या भाकरी केल्या. दुपारी सासूच्या मोबाइलवरून आईला फोन केला, दोन-चार मिनिटं बोलली, पुन्हा चुलीपुढं बसली. कस्तुराबाई म्हणाली, खळं होऊ दे, संध्याकाळी गाडी करू. संध्याकाळी सत्यशीला ओसरीतच पडली. गाडी नांदेडला पोचली तेव्हा डॉक्टर म्हणाले, उशीर केलात. तिसऱ्या दिवशी ती गेली. तिची लेक तनुजा तेव्हा आठ वर्षांची होती.

धुरपता उमरीला पोचली आणि कस्तुराबाईनंच पुढं होऊन तिच्या गळ्यात हात टाकले. दोघी विहिणी एकमेकींच्या खांद्यावर रडल्या. धुरपता म्हणाली, 'तव्यापरीस हात तापला गं तुझा, माझे बाई, अठरांच्या भाकरी थापल्यास.' म्हणाली, 'कस्तुराबाई विहिणी, आधी खळं मग गाडी, आधी खळं मग गाडी.' अंगण ऐकत होतं. कस्तुराबाईनं तिला दूर लोटलं नाही. उलट मिठी घट्ट केली आणि 'हाव गं विहिणी, हाव' असं म्हणत रडली. तनुजाला बायांनी आधीच शेजारच्या घरी नेऊन बसवलं होतं. अशा वेळी लेकरांना तिथं ठेवत नाहीत. तिला सांगितलं, आईला ताप आला होता.

दिवस झाल्यावर कस्तुराबाई म्हणाली, "विहीणबाई, लेक गेली म्हणून नातं गेलं न्हाई. दिवाळीला आन् उन्हाळ्याला तनुजाला न्या."

शब्द पाळला बाईनं. बालाजीनं दुसरं लग्न केलं, घरात नवी सून आली, तरी वर्षातून दोनदा तनुजा आजोळी यायची. दिवाळीचे पंधरा दिवस आणि उन्हाळ्याचा महिना. धुरपताचं वर्ष म्हणजे तेवढंच. बाकीचे दिवस ती त्यासाठी काढायची. पेरूचे पहिले पेरू पोपटांपासून राखायची, गादीला नवा अभ्रा शिवायची, सटवाजीला म्हणायची, "दात घासून बोलत जा, नात यायलीय."

मग मृत्युंजय आला.

मृत्युंजय हा धुरपताच्या धाकट्या भावाचा, रामलिंगचा मुलगा. रामलिंग लातुरात फिजिक्सचे क्लास घेतो. त्याच्या क्लासमधून दरवर्षी डॉक्टर निघतात, पण घरातून एकही निघाला नाही. मृत्युंजयनं दोनदा परीक्षा दिली, दोनदा नापास झाला, मग नांदेडला इंजिनिअरिंगला गेला आणि तिथं आनंदराज नावाच्या ड्रम वाजवणाऱ्याशी गाठ पडून बँड काढून बसला. वाईट मुलगा नव्हे. आत्याला जीव लावणारा. पण दोन पुस्तकं जास्त वाचून आपल्याला गाव कळलं असं समजणाऱ्यांपैकी.

होळी झाल्यावर तो आणि आनंदराज मोटारसायकलवर आले. आनंदराजचे केस खांद्याच्या खाली. सटवाजीनं आधी 'या बाई' म्हटलं आणि मग दाढी पाहिली. चहा झाला. मृत्युंजय धुरपताला खेटून बसला.

"आत्या, तू एकदा रड ना."

"कामून? कोण मेलं?"

"कुणी नाही. आम्हाला भरून घ्यायचंय. गाण्यासाठी."

"मढ्याबिगर रडू? यड लागलं का रं? घरात दिवाबत्ती होती माझ्या."

बाजेवरून सटवाजी म्हणाला, "माझ्या नावानं रोजच रडती की. तेच घे भरून, ताजं हाय."

"तुमच्या नावानं रडायला तुम्ही आधी जावा तर."

सगळे हसले. पण मृत्युंजय हटला नाही. हे सगळं संपत चाललंय, आत्या, तुझ्यानंतर कुणाला येणार, असलं बरंच बोलला. धुरपतावर त्याचा काडीचा परिणाम झाला नाही. मग तो म्हणाला, "सत्यशीलाताईचं रड. मी तेव्हा परीक्षेला होतो. मला येता आलं नाही."

इतक्या वर्षांत सत्यशीलाचं नाव त्या घरात कुणी काढलं नव्हतं. लोक भल्यासाठीच काढत नव्हते. म्हणायचे, जखमेला हात नको. जखमेला हात लागावा असं त्या बाईला किती वाटत होतं, ते कुणी विचारलं नाही. धुरपता उठली, तोंडावर पाणी मारून आली, आणि म्हणाली, "गळा लागतो. नुसतं हवेत रडता येत न्हाई."

शेजारची सिंधु दारात उभी राहून बघत होती. तिच्याकडं सगळ्यांनी पाहिलं.

"मी न्हाई बाई," सिंधु दोन पावलं मागं सरली. "माझा धनी जिता हाय."

आनंदराज बिचकत म्हणाला, "माझा चालेल का?"

"केस तरी हायत बाईसारखे. ये."

तो समोर येऊन बसला आणि धुरपतानं त्याच्या गळ्यात हात टाकले. पहिली ओळ लाजत, खोटी आली. दुसरी बरी आली. तिसऱ्या ओळीला ती उमरीच्या अंगणात होती. एकोणीस मिनिटं रडली. सत्यशीलाचं विहिरीच्या काठावरचं खेळणं आलं, अंबाडीच्या भाजीसाठीचं रुसणं आलं, लग्नातली हिरवी पैठणी आली, अठरा भाकरी आल्या, तवा आला, 'कस्तुराबाई विहिणी, आधी खळं मग गाडी' आलं. जसं तेव्हा आलं होतं तसं सगळं. आनंदराजचा खांदा भिजून शर्ट चिकटला.

ते गेल्यावर सिंधु आत आली. "काकू, उमरीचं बी सगळं बोललाव तुम्ही. विहिणीचं नाव घेतलाव. ते त्या डबड्यात गेलं न्हवं?"

"जाऊ दे की," धुरपता पदरानं नाक पुसत म्हणाली, "रडण्यातलं हाय ते. रडण्यातलं कोण धरतंय?"

बाई चुकली ती इथं. पण तिच्या जागी गावातली कुठलीही बाई असती तर हेच म्हणाली असती. तो कायदा तिला उन्हापावसासारखा सगळीकडं सारखाच असेल असं वाटत होतं. मृत्युंजयला तो ठाऊकच नव्हता. लातूरच्या फ्लॅटमध्ये मरण म्हणजे मोबाइलवर फुलांच्या चौकटीत आलेला फोटो आणि खाली हात जोडलेले.

गणपतीत गाणं आलं. मृत्युंजयनं धुरपताचे शब्द घेऊन त्याचं विरहगीत केलं होतं. मुलगी वाट बघते, मुलाकडचे उशीर करतात, असलं काहीतरी. आणि शेवटी गिटार थांबते आणि वीस सेकंद नुसता धुरपताचा आवाज: 'कस्तुराबाई विहिणी, आधी खळं मग गाडी.' नावासकट. त्याच्या जोडीला 'मूळ आवाज' म्हणून सगळी एकोणीस मिनिटंही लावून दिली. धुरपताला गाणं सटवाजीच्या मोबाइलवर ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, "माझं एवढंसंच ठेवलं व्हय?" आणि म्हशींना पाणी दाखवायला गेली.

दसऱ्यापर्यंत ते वीस सेकंद सगळीकडं पसरले. पोरं त्यावर नाचायला लागली. एकजण लग्नाला उशिरा पोचलेला, म्हणतो आधी खळं मग गाडी. एकजण बसच्या मागं पळतोय, आधी खळं मग गाडी. लग्नाच्या वरातीतसुद्धा वाजलं म्हणे. मयताचं रडणं वरातीत! उमरी हे काही मुंबई नव्हे. कस्तुराबाई नावाच्या किती सासवा असणार तिथं, ज्यांची सून मळणीच्या दिवसांत तापानं गेली? बालाजी सोयाबीन घेऊन अडतीवर गेला तर हमाल म्हणाला, "मालक, औंदा आधी काय, खळं का गाडी?" बालाजीनं त्याला मारलं. मग चार जणांनी बालाजीला मारलं.

यातलं रेणापूरच्या बाजूला काही कळलं नाही. दिवाळीला सटवाजी नेहमीसारखा उमरीला नात आणायला गेला आणि एकटा परत आला. हातात फराळाचा डबा होता.

"तनुजा कुठाय?"

"येत न्हाई म्हणती."

"कोण म्हणतं? तिची आजी?"

"पोरगीच म्हणती. दारातून बाहेर सुदीक आली न्हाई." मग त्यानं अडतीवरची मारामारी सांगितली, गिरणीचं सांगितलं, शाळेचं सांगितलं. धुरपता पाटावर बसून ऐकत होती. पेरू पाटीत काढून ठेवलेले होते. त्यातला एक तिनं उचलला, पुसला, परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती लातूरला गेली. रविवार होता. रामलिंगच्या क्लासच्या रिकाम्या खोलीत बँडचा सराव चालू होता. भिंतीवर डॉक्टर झालेल्या पोरांचे फोटो ओळीनं, आणि त्यांच्या पुढं हे. मृत्युंजय पाया पडला.

"आत्या! बरं झालं आलीस. बघ, तुझ्या आवाजाबद्दल लोक काय काय लिहितायत. नांदेडच्या कार्यक्रमात तुला स्टेजवर—"

"काढ ते."

"काय?"

"माझं रडणं काढ. नात तुटली माझी त्याच्यापायी."

तो गडबडला. ड्रमच्या मागून आनंदराज हळूच म्हणाला, "मी म्हणलं होतं, नाव तरी काढ."

"नाव काढलं की ते खोटं वाटत होतं," मृत्युंजय त्याच्यावर खेकसला आणि मग आत्याकडं वळला. "आत्या, मला वाटलं तुला ते जगाला सांगायचंय. ताईवर अन्याय झाला, कुणी विचारलं नाही. म्हटलं, आपण न्याय—"

"न्याय पाहिजे असता तर ठाण्यात गेले असते. मी ठाण्यात गेले न्हाई. मी रडले. दोन्हीतला फरक तुझ्या बापानं शिकवला न्हाई का तुला, एवढे डॉक्टर करतो तो?"

मृत्युंजयच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं तिच्यासमोर बोटानं दोन्ही काढून टाकलं, गाणंही आणि एकोणीस मिनिटंही.

"गेलं?"

"आमच्याकडून गेलं, आत्या. पण लोकांनी घेतलेलं लोकांकडं राहतं. ते माझ्या हातात नाही."

"तुझ्या हातात होतं तेव्हा तू काय केलंस," धुरपता म्हणाली आणि तिथूनच स्टँडवर गेली.

नांदेडला गाडी बदलून ती उमरीला पोचली तेव्हा ऊन कलायला आलं होतं. कस्तुराबाई ओसरीत तूर निवडत होती. उठली, पाणी दिलं. गळ्यात पडायला पुढं झाली नाही.

"मी काढायला लावलं, विहीणबाई. माझ्यासमोर काढलं त्यानं."

"बालाजी रोज बघतो. दुसरीकडं बी हाय ते."

"तुम्ही धरलाव माझं?"

कस्तुराबाई परत सुपापुढं बसली. "रडलाव तेव्हा न्हाई धरलं. माझ्या गळ्यात पडून बोललाव. मी बी तुमच्याच गळ्यात होते. तुम्ही बोललाव, मी हाव म्हणले. तिथं मिटलं. आता दळणाला गेले की गिरणीवाला ते लावतो. त्याच्या गळ्यात पडू का मी?"

"खोटं तर न्हवतं ते."

"खरं होतं म्हणून तर ऐकून घेतलं. खरं एकदा ऐकून घेता येतं. रोज न्हाई." तिनं एक खडा वेचून अंगणात टाकला. "पोरीला मी अडवलं न्हाई. न्या म्हणते मी. तिलाच विचारा. तनुजा, आज्जी आली."

तनुजा आतल्या दारात आली आणि चौकट धरून उभी राहिली. बारा वर्षांची, उंच झालेली, थेट सत्यशीलाचं कपाळ. धुरपतानं दोन्ही हात पसरले. पोरगी जागची हलली नाही.

"पेरू लागलेत गं झाडाला. तुझ्यासाठी राखलेत."

"मला कामून न्हाई सांगितलं?" तनुजा म्हणाली.

"ल्हान होतीस माय."

"त्या ड्रमवाल्याला सांगितलंस. तो कोण लागतो आपला? माझ्या वर्गातल्या पोरींना माझ्याआधी कळलं. मी म्हणलं, माझी आई तापानं गेली. त्या हसल्या. म्हणल्या, गाणं ऐक तुझ्या आज्जीचं."

धुरपताच्या गळ्यात तो ओळखीचा हेल भरून आला. तनुजाला ते दिसलं असावं. ती पटकन म्हणाली, "रडू नको. रडू नको तू. नुसतं सांग. आईचं काहीतरी मला सांग."

धुरपता खाली बसली. आयुष्यात शंभर मढ्यांवर शंभर आयुष्यं सांगितली होती तिनं, पण एकही बसून, सरळ आवाजात सांगितलं नव्हतं.

"तुझी आई ल्हान होती तवा विहिरीच्या काठाला—"

"त्याच्यात हाय. लांबच्यात."

"तिला अंबाडीची भाजी—"

"हाय. पैठणीचं बी हाय. एकोणीस मिनिटं सगळी पाठ हाय मला. त्यांनी काढलं तरी माझ्याजवळ हाय, मी मोबाइलमध्ये घेऊन ठेवलंय. त्याच्यात न्हाई असं सांग. मला एकटीला."

एकोणीस मिनिटांत न आलेलं शोधायला धुरपता खूप आत गेली. फार काही उरलं नव्हतं. सगळं त्या लांब केसवाल्याच्या खांद्यावर ओतून झालं होतं. तळाशी एकच राहिलं होतं, आणि ते राहण्याचं कारण असं, की रडताना माणूस सगळ्यांना बोल लावतो, स्वतःला लावत नाही.

"त्या दिवशी दुपारी तिचा फोन आला होता," धुरपता म्हणाली. आवाज कोरडा होता, तिचा तिलाच अनोळखी. "म्हणली, आई, अंग लई तापलंय, मला ने नाहीतर यांना सांग दवाखान्यात न्यायला. मी म्हणलं, आजचा दिवस काढ माय. मशीनची पाळी गेली तर सोयाबीनला मोड येतील, तुझ्यावर नाव येईल. आजचा दिवस काढ."

सुपातल्या तुरीचा आवाज थांबला.

तनुजानं विचारलं, "हे कामून न्हाई त्याच्यात?"

तनुजा आत गेली. दार तिनं आपटलं नाही, नुसतं लोटलं. त्या घरातल्या बाया सगळ्या शांतपणे वागणाऱ्या, हेच वाईट.

कस्तुराबाई स्टँडपर्यंत सोडायला आली. रीत होती म्हणून आली. नांदेडची बस लागलेली होती. धुरपता पायरीपाशी थांबली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"माझ्याच मोबाइलवर बोलली ती. मी चुलीपाशी बसले होते." कस्तुराबाईनं पदर सारखा केला. "तुमच्या तोंडचं ऐकून तिनं फोन ठेवला आन् परत परात ओढली. म्हणली, आईबी तेच म्हणती."

"मग तुम्ही कामून न्हाई बोललाव? रडताना?"

"तुम्ही लेकीच्या मढ्यावर आला होताव," कस्तुराबाई म्हणाली. "काय बोलायचं?"

निरोपाला विहिणींनी गळ्यात पडायचं असतं. धुरपताचे हात अर्धे उचलले गेलेसुद्धा. समोरच्या बाकावर कॉलेजची एक पोरगी मोबाइल तोंडासमोर धरून बसली होती. कदाचित कुणाशी बोलत असेल, कदाचित आरशासारखं तोंड बघत असेल. कस्तुराबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग धुरपताकडं. आणि कमरेची कुंकवाची डबी काढून, हात लांब करून, अंतर ठेवून तिच्या कपाळाला बोट लावलं.

"बसा गाडीत," ती म्हणाली. "जागा जाईल."